चिपळूणमधलं करिअर सल्ला केंद्र: लेकीला घेऊन गेले होते

लेकीच्या हातात नोकरीच्या दोन ऑफर होत्या. एक चिपळूणजवळच्या लोटे गावातल्या एमआयडीसीतल्या जुन्या केमिकल कंपनीची, दुसरी पुण्यातल्या स्टार्टअपची. घरच्यांचा कल लोट्याकडे, तिचा पुण्याकडे. म्हणून एसटी स्टँडजवळच्या या केंद्रात गेलो.

मॅडमनी दोन्ही ऑफर लेटरं शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने खुणा करत गेल्या. स्टार्टअपच्या आकड्यात मोठा भाग ईसॉपचा, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काचा. तो 4 वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार. पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सोडली तर काहीच नाही. शेअर घेताना त्यांचा बाजारभाव आणि आपण देतो ती किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा करही लागतो. "हा भाग बाजूला ठेव आणि उरलेल्या पगारात पुण्याचं भाडं भागतं का बघ," त्या लेकीला म्हणाल्या. कंपनीकडे किती महिने पुरेल एवढा पैसा आहे, हे तिथे सरळ विचारायला सांगितलं. आम्हाला हे सुचलंच नसतं! लोट्याच्या पत्रात पीएफ आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, होती, पण ग्रॅच्युइटीसाठी साधारण 5 वर्षं टिकायला हवं.

एक गोष्ट मात्र खटकली. रात्रपाळी, कंपनीची बस, मुलींची सोय यावर त्या फारशा बोलल्या नाहीत. मुलीला घेऊन जाणार असाल तर स्वतःहून विचारा. फी वाजवी आहे. ऑफर लेटरं छापून न्या, मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत.