न उचललेल्या कोट्याचे काय करायचे? बुडीत, पुढे ओढणे की धरणात वाटा

सिंचन वर्ष ३० जूनला संपते. पाणी वापर संस्थेच्या मंजूर कोट्यातले जे पाणी उचललेच नाही त्याचा हिशेब लावण्याच्या पद्धती मुख्यतः तीन: ते बुडीत धरून सगळ्यांच्या साठ्यात टाकणे, त्याच संस्थेच्या खात्यावर पुढच्या वर्षी ओढणे, किंवा धरणातच प्रत्येकाचा वाटा ठरवणे. नागपूरजवळच्या पेंच प्रकल्पाच्या कालव्यावरच्या संस्थेने किंवा खोऱ्यातल्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी नियम बसवणाऱ्या समितीने निवड आकड्यांवर करावी. तोंडी चर्चेत तिन्ही पद्धती सारख्याच न्याय्य वाटतात.

समजा, धरणाचा उपयुक्त साठा २०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे आणि 'अ' व 'ब' यांचा कोटा प्रत्येकी १००. यंदा 'ब'ने सगळे १०० उचलले, 'अ'ने ७० उचलून ३० ठेवले. बाष्पीभवनापोटी ५ टक्के वजा केल्यावर २८.५ उरले. पुढच्या पावसाळ्यातली उचल शून्य आणि येवा (धरणात येणारे पाणी) १३० किंवा २०० धरला, तर पावसाळ्याअखेर कुणाच्या नावावर किती?

| पद्धत | येवा १३० : अ / ब | येवा २०० : अ / ब |
|---|---|---|
| बुडीत (सगळे पुन्हा सामायिक) | ७९.२५ / ७९.२५ | १०० / १०० |
| पुढे ओढणे, सांडव्याचा नियम नाही | ९३.५ / ६५ | ११४.२५ / ८५.७५ |
| पुढे ओढणे, सांडवा आधी शिल्लकेतून | ९३.५ / ६५ | १०० / १०० |
| धरणात वाटा | ९३.५ / ६५ | १०० / १०० |

खरा वाद दुसऱ्या ओळीत आहे. चांगल्या पावसात धरण भरून २८.५ दलघमी सांडव्यावरून गेले, आणि त्याची निम्मी झळ 'ब'ला बसली. 'ब'ने काहीच केले नव्हते. 'अ'च्या जुन्या पाण्याने जागा अडवली होती. म्हणून पुढे ओढण्याची मुभा देताना 'धरण सांडले तर आधी जुनी शिल्लक सांडली असे धरावे' हे कलम नसेल, तर बुडीत पद्धतच बरी. ऑस्ट्रेलियात उत्तर व्हिक्टोरियामध्ये पुढे ओढलेल्या पाण्यातून १ जुलैला ५ टक्के बाष्पीभवन कापतात आणि कोट्याच्या वर जाणारे पाणी सांडण्यायोग्य म्हणून वेगळ्या खात्यात धरतात (तिथलेही पाणीवर्ष जुलै ते जून). अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या २००७ च्या नियमांत बचत करून साठवलेल्या पाण्यातून एकदाच ५ टक्के सामायिक साठ्यासाठी आणि पुढे दरवर्षी ३ टक्के बाष्पीभवनासाठी वजा होत.

५ टक्के आपल्याकडे पुरतील का? नागपूरच्या मे महिन्यात बाष्पीभवन मापकात दिवसाला १० मिमीपेक्षा जास्त पाणी उडते. जलाशयाचे त्याच्या ०.७ पट धरले, तरी ५० चौरस किमी पृष्ठभागावरून रोज साडेतीन लाख घनमीटर, महिन्यात १० दलघमीच्या वर. तेव्हा टक्का परदेशातून उचलू नये; आपल्याच धरणाच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यावरून काढावा.

धरणात वाटा, म्हणजे प्रत्येकाला साठवण क्षमतेचा आणि येव्याचा ठरलेला हिस्सा. किती राखायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे; हिस्सा भरला की जादा पाणी ज्याची जागा रिकामी आहे त्याच्याकडे जाते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या सेंट जॉर्ज योजनेत हे चालते. त्यासाठी येवा, उचल आणि बाष्पीभवन यांची सतत मोजणी लागते, आणि आपले घोडे तिथेच अडते. चारीच्या तोंडाशी स्टँडिंग वेव्ह फ्लूम (पातळीवरून विसर्ग मोजायची अरुंद पक्की नाळ) असेल तर विसर्ग पाणीपातळीच्या दीड घाताने बदलतो. ४० सेंमीच्या जागी ४२ वाचले की विसर्ग साडेसात टक्के चुकतो, म्हणजे वर कापलेल्या ५ टक्क्यांहून अधिक. खालच्या बाजूला गाळ साचला किंवा बेशरम माजली की फुगवटा येऊन फ्लूम बुडतो. मग वाचन जास्त येते, प्रत्यक्ष पाणी कमी, आणि संस्थेची शिल्लक कागदावर विनाकारण घटते. पट्टी दिवसातून दोनदा तरी वाचावी आणि खालची पातळीही नोंदवावी.

पद्धत कोणतीही घ्या, 'शिल्लक' कशाला म्हणायचे ते आधी लिहून ठेवा. धरण ६० टक्केच भरले असेल तर शिल्लक त्या वर्षी प्रत्यक्ष वाट्याला आलेल्या पाण्यातून मोजायची. मंजूर कोट्यातून मोजली तर धरणात कधी आलेच नाही असे पाणी खात्यावर जमा होते. सप्टेंबरात धानासाठी मागणी नोंदवली, पाणी सुटले, आणि पाऊस आल्याने चारी बंद केली, तर कालव्यातले पाणी एस्केपमधून (जादा पाणी बाहेर सोडायच्या दारातून) नाल्याला जाते. ते मागणाऱ्याच्या नावे खर्ची पडले पाहिजे.

सांडपाण्याचा हिशेब याहून किचकट. नागपूरच्या भांडेवाडीला प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे गेले की केंद्राचा ताज्या पाण्याचा कोटा तेवढा मोकळा होतो. ती पेंचपुरती बचत. पण तेच पाणी एरवी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि तिच्यावरच्या गोसेखुर्द धरणाला पोचले असते. खोऱ्याच्या ताळेबंदात एका बाजूला जमा केले तर दुसऱ्या बाजूला तेवढेच नावे टाकावे लागते.

आमचे मत: पेंचसारख्या मोठ्या साठ्यावर पुढे ओढणे घ्या, पण कोट्याच्या ठरावीक मर्यादेत आणि सांडव्याच्या कलमासह. वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यापासून पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा येवा बेभरवशाचा झाला आहे. तिथे काटकसर करणाऱ्याला काही मिळायलाच हवे. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मात्र बुडीतच ठेवा. उथळ तलावातली मार्चची शिल्लक जूनपर्यंत उडून जाते, आणि तिचे खाते सांभाळण्याचा खर्च पाण्याहून महाग पडतो. धरणातल्या वाट्याचा विचार सर्व चाऱ्यांवर सलग तीन वर्षांची मोजणी हाती आल्यावर.