जुन्या पिकअपचं ऑइल घरीच बदलतोय, त्याला चौदा महिने झाले

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. रिंग पान्यांचा सेट, फिल्टर पाना, गाडीला खालून टेकू द्यायच्या घोड्यांची (स्टँडची) जोडी, ट्रे आणि हातपंप मिळून सात हजार दोनशे गेले. चौदा महिन्यांत मजुरी वाचली ती जेमतेम तीन हजार. म्हणजे मी अजून तोट्यातच आहे.

गाडी बोलेरो पिकअप, २०१७ ची, बीएस-४. गेल्या वर्षीच्या श्रावणात १,१२,३०० किलोमीटरवर घेतली. आमची फुरसुंगीजवळ छोटी नर्सरी आहे. उरुळी कांचनहून रोपं आणायची, सासवडकडे कलमं पोचवायची, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दिवे घाट ठरलेला. विकणारा म्हणाला होता, "दादा, भाजीपाल्याशिवाय काही वाहिलेलं नाही." सर्व्हिसचं पुस्तक मागितलं तर ते उंदरांनी खाल्लं होतं.

ते पुस्तक मला शेवटी मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात सापडलं. पहिल्याच रविवारी त्याच्या हाउजिंगचा (बाहेरच्या कवचाचा) खालचा नट सोडला, तर मधासारखं ऑइल यायच्या जागी दुधाचा चहा यावा तसं काहीतरी ट्रेत पडायला लागलं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असा रंग येतो. पाणी आत गेलं कसं? हाउजिंगवर हवा खेळायला एक छोटा ब्रीदर असतो. तो काढून पाहिला तर वाळूने गच्च. चालून तापलेलं हाउजिंग पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. गाडीने काय वाहिलं ते मी शपथेवर सांगणार नाही, पण मेथीच्या जुड्या आणायला कुणी नदीपात्रात गाडी घालत नाही.

ब्रीदर डिझेलने धुतला, नवं ऑइल भरलं, पाचशे किलोमीटर चालवून तेही काढून टाकलं. दुसऱ्यांदा किंचित गढूळ निघालं. सात महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा स्वच्छ. गॅरेजला दिली असती तर "ऑइल बदललंय" एवढंच कळलं असतं. ट्रेत काय पडलं ते पाहायला मी तिथे नसतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला एक नियम, आमच्या शेजारच्या ट्रकवाल्या अण्णांनी शिकवलेला : भरायचा वरचा नट आधी सैल करून बघायचा, मगच खालचा काढायचा. खालून सगळं सांडून बसलात आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. गाडी सपाट जागी हवी. वरच्या भोकातून ऑइल परत ओघळायला लागलं की माप झालं.

पण ते वर चढवायचं कसं? ८०डब्ल्यू-९० हे गिअर ऑइल डिसेंबरच्या सकाळी काकवीसारखं घट्ट असतं. मी पोराची रंगपंचमीची पिचकारी घेतली. तिसऱ्या दाबाला दट्ट्या मागून निसटला आणि अर्धं ऑइल माझ्या बाहीत. त्या ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो शर्ट अजून दोरीवर वेगळा वाळतो. दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून हातपंप आणला. तिथेच एक सांगतो : जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन प्रती, त्या एकच समजू नका. जीएल-५ डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दातांसाठी असतं, त्यातली गंधकयुक्त द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवतीलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते घ्या, काउंटरवरच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

इंजिन ऑइल त्यामानाने सोपं. पिकअप उंच असल्याने जॅकसुद्धा लागत नाही, चटई टाकून खाली सरकायचं. दहा मिनिटं इंजिन चालवून कोमट झालं की चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा नट सोडायचा. माझ्या नटावर आधीच्या कुणा कलाकाराने एम-सील थापलं होतं. खरवडून काढलं, आटे सुदैवाने शाबूत होते, नुसता तांब्याचा वॉशर दबून गेला होता. तो काही रुपयांचा वॉशर दरवेळी नवा टाका आणि नटावर अंगाचा जोर काढू नका.

दुसऱ्या वेळी मात्र मी स्वतः माती खाल्ली. जुना फिल्टर निघाला, पण त्याचं रबर वर इंजिनलाच चिकटून राहिलं. मी बघितलं नाही, त्यावरच नवा फिल्टर आवळला. चावी मारल्याबरोबर धार. बंद करेपर्यंत निम्मं ऑइल अंगणात. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, सडा घातलात, आता रांगोळीपण काढा." नर्सरीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर, तेच पसरलं, त्याने सगळं शोषलं. आता फिल्टर काढला की आधी बोट फिरवून जुनं रबर निघालंय का ते बघतो. नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावायचं, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. बस्स.

इंजिनात मी १५डब्ल्यू-४० ऑइल वापरतो. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर माझं बघून घेऊ नका, त्यात सहसा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. डिझेल इंजिनात नवं ऑइल पहिल्याच दिवशी काळं पडतं, ती काजळी आहे, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. मात्र डबा सीलबंद बघून घ्या, आणि रिकामा भंगारात देण्याआधी कापून टाका, नाहीतर त्यातच कुणीतरी भेसळीचं भरून विकायचा.

ब्रेक ऑइलवर मी सगळ्यात आधी पैसे घालायला हवे होते. पहिल्याच महिन्यात, मातीच्या कुंड्या भरून दिवे घाट उतरताना पेडल स्पंजासारखं झालं. दुसऱ्या गिअरवर, जीव मुठीत धरून खाली आलो. रिझर्व्हॉयर उघडला तर आत कोरी कॉफी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं. डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना निदान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५. उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय त्या वाफेवर पडतो. बदलायला दोघं लागतात : बायको वर, मी खाली, "दाब... धरून ठेव... आता सोड." सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. मागच्या डाव्या चाकाची, जुनं ऑइल बाहेर सोडायची निपल गंजलेली होती, पाना घसरून तिच्या कडा गेल्या. तिथे मी हात टेकले आणि मिस्त्रीला बोलावलं. ब्रेकचं काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी उभं करा, यात "बघू जमतंय का" नको.

कूलंटबद्दल थोडकंच. आधी बोअरचं पाणी भरलेलं होतं, तांबडं निघालं. दोनदा धुऊन तयार मिश्रण भरलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी भाजतंच.

राहिलं जळकं ऑइल. आमच्याकडे लोक ते वाळवीसाठी बांबूला फासतात, सेंट्रिंगवाले प्लेटांना मागून नेतात, काही जण रात्री कालव्याच्या कडेला ओततात. तोच मुठा कालवा पुढे शेतांना जातो. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा घातक कचरा आहे, तो परवानाधारकाकडेच जायला हवा. हडपसरला एका गॅरेजवाल्याचं बॅरल तसं जातं, तो माझा कॅन त्यात रिकामा करू देतो. तेलकट कोकोपीटचं पोतं मात्र घ्यायला तयार नाही. जानेवारीपासून ते शेडमागे उभं आहे, यंदा खंडेनवमीला पाने पूजेला मांडताना बायकोने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, यालाही कुंकू लावायचं का?