थंड इंजिनाची थरथर: प्लग-कॉइल की टेम्परेचर सेन्सर?

सकाळी पहिल्या स्टार्टला पेट्रोल गाडी थरथरते, दोन-चार मिनिटांत शांत होते. माझा संशय आधी दोघांवर जातो: पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे प्लग-कॉइल, आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर.

प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर झटके ठरावीक तालात बसतात, कारण एकच सिलिंडर मिसिंग मारत असतो, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. चार सिलिंडरच्या गाडीत स्कॅनरवर (गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड दिसतो. शेवटचा अंक सिलिंडरचा. समजा पी०३०१ आला. इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. नाही सरकला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. खर्च काहीच नाही, म्हणून मी इथूनच सुरुवात करतो.

कूलंट सेन्सरचा दोष मात्र फसवा. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल देतो ते याच सेन्सरच्या भरवशावर. त्याने खऱ्यापेक्षा जास्त तापमान कळवलं की पेट्रोल कमी पडतं आणि सगळेच सिलिंडर अडखळतात. कोड येईलच असं नाही. रात्रभर उभी असलेली गाडी स्टार्ट करण्याआधी स्कॅनरवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा १५ अंश आणि कूलंट ६० दाखवत असेल, तर प्लगवर पैसे घालू नका. आधी सेन्सरचा कनेक्टर काढून गंज बघा.