दहा महिने, चोवीस रोल: घरी स्लाइड धुण्याचा माझा अनुभव

गेल्या सप्टेंबरात कासच्या पठारावर काढलेले सहा रोल मी घरच्या मोरीत धुतले. तेव्हापासून आजपर्यंत चोवीस झाले, सगळे स्लाइडचे, म्हणजे फिल्मवर निगेटिव्हऐवजी थेट सुलटं रंगीत चित्र देणारे. त्यांच्या धुण्याच्या प्रक्रियेचं नाव ई-६. कृष्णधवल रोल घरी धुणारे बरेच आहेत, रंगीत निगेटिव्ह धुणारेही आता भेटतात, पण स्लाइडचं नाव काढलं की "ते घरी होत नाही" असंच ऐकायला मिळतं. मीही वर्षानुवर्षं तेच मानत होते. ज्यांच्या फ्रीजमध्ये काढलेले रोल तसेच पडून आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आधी मी इथवर का आले ते सांगते. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. नव्वदच्या दशकात नोकरीला लागले तेव्हा वर्गात स्लाइड प्रोजेक्टर होता आणि फुलांच्या स्लाइड आम्हीच काढायचो. पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती रोल द्यायचा. चार-पाच दिवसांनी प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेल्या छत्तीस स्लाइड डबीतून परत यायच्या. त्यात विशेष असं काहीच नव्हतं. जाहिरात कंपन्या, कॅलेंडर छापणारे, मासिकं, सगळ्यांना छपाईसाठी पारदर्शिकाच लागायच्या. डॉक्टरांची व्याख्यानं स्लाइडवर व्हायची आणि डोंगरात जाणाऱ्या मंडळींचे स्लाइड शो ऐकायला सभागृहं भरायची. मग डिजिटल कॅमेरे आले. छपाईवाल्यांनी पारदर्शिका मागणं सोडलं, व्याख्यानं संगणकावर गेली, आणि बघता बघता मी ज्यांच्याकडे रोल पाठवत होते त्यांनी एकेक करून ई-६ बंद केलं.

देशात अजून मोजक्या ठिकाणी स्लाइड धुऊन मिळतात. गेल्या चार वर्षांत मी तीन लॅबकडे रोल पाठवले. एका ठिकाणचं काम खरंच सुरेख होतं, पण तिथेही वर्षभराने ई-६ थांबलं. दुसऱ्या ठिकाणी रोल नऊ आठवडे पडून राहिला आणि स्लाइड काळपट आल्या. तिसऱ्या लॅबने माझा रोल सरळ सी-४१ मध्ये, म्हणजे निगेटिव्हच्या रसायनात धुतला. डबीवर ई-६ छापलेलं होतं, मी चिठ्ठी लावली होती, फोनवर सांगितलं होतं. परत आल्या त्या भडक, विचित्र रंगांच्या निगेटिव्ह. त्या रोलवर कारवी होती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. दिलगिरी म्हणून मला एक नवा रोल देऊ केला गेला. तो मी घेतला नाही.

त्या दिवसांत पुण्यातल्या एका जुन्या लॅबवाल्या काकांशी बराच वेळ बोलणं झालं. ते म्हणाले, "मॅडम, आठवड्याला पन्नास रोल येत असते तर आजही चालू ठेवलं असतं. पाच रोलांसाठी टाक्या तापवायच्या म्हणजे तुमच्याच रोलचं वाटोळं." मग त्यांनी हिशेब समजावून दिला. मोठ्या मशीनमधलं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, रोज रोल जातात म्हणून ताजं राहतं. प्रत्येक रोल थोडं रसायन खर्च करतो, तेवढं नवं ओतलं जातं. रोल कमी झाले की रसायन टाकीत नुसतं उभं राहतं आणि हवेने खराब होतं. चाचणीच्या पट्ट्या धुऊन पाहिल्या की रंग सरकलेले दिसतात. मग एक तर अख्खी टाकी ओतून द्या, नाहीतर पुरेसे रोल जमेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवा. माझा रोल नऊ आठवडे का थांबला ते तेव्हा उलगडलं, आणि रागही निम्मा उतरला. सी-४१ चा उतरला नाही.

घरी करून पाहावं असं वाटायला आणखी एक कारण झालं, ते म्हणजे कोडाक्रोमचं. १९३५ साली आलेली कोडॅकची ही स्लाइड फिल्म २००९ मध्ये बंद झाली. तिची के-१४ ही प्रक्रिया करणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स या गावी होती. २०१० च्या डिसेंबरअखेर तिने रोल घेणं थांबवलं आणि कोडाक्रोमचा रंगीत प्रवास तिथे संपला. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराने वापरला, त्यातल्या काही फ्रेम मुंबईत काढलेल्या आहेत. आज कुणाच्या कपाटात कोडाक्रोमचा न धुतलेला रोल सापडला तर फार तर त्यातून कृष्णधवल चित्र काढता येतं. रंग येणार नाहीत, कारण त्या फिल्ममध्ये रंग तयार करणारे घटकच नसतात. ते तीन वेगवेगळ्या डेव्हलपरमधून बाहेरून द्यावे लागायचे आणि ते काम खास मोठ्या यंत्रावरच व्हायचं. ई-६ च्या फिल्ममध्ये मात्र हे घटक थरांमध्येच घातलेले असतात. म्हणजे लॅब राहिली नाही तरी तीन बाटल्या आणि ३८ अंशांचं पाणी असलं की रंग निघतात. हे लक्षात आल्यावर माझी भीती बरीच कमी झाली.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. मी तीन बाथचं एक लिटरचं किट वापरते. लॅबमधल्या प्रक्रियेत सहा रसायनं असतात, यात तीन: पहिलं डेव्हलपर, रंगाचं डेव्हलपर, आणि ब्लीच व फिक्सर एकत्र केलेलं, फिल्ममधली चांदी काढून टाकणारं ब्लिक्स. बाहेरून मागवावं लागतं. पावडरीचं मिळालं तर तेच घ्या, द्रव रसायनाचं पार्सल विमानाने आणायला फार अडचणी येतात. माझ्या पॅटर्सन कंपनीच्या, उजेड न शिरणाऱ्या टाकीत पस्तीस मिलिमीटरचे दोन रोल बसतात. पाणी ३८ अंशांवर ठेवायला मांस मंद आचेवर शिजवण्यासाठी मिळतो तो सू-व्हीद हीटर बादलीत लावते. फिल्म रिळावर चढवायला काळी पिशवी. थर्मामीटर मात्र चांगलं घ्या, त्यात काटकसर नको.

पहिल्या डेव्हलपरवर सगळं अवलंबून आहे. ते जिथे उजेड पडला तिथली चांदी काळी करतं, म्हणजे आत एक कृष्णधवल निगेटिव्ह तयार होते. उरलेल्या चांदीवर नंतर रंगाचं डेव्हलपर काम करतं, म्हणूनच चित्र उलटून सुलटं येतं. पहिल्या डेव्हलपरमध्ये वेळ किंवा तापमान कमी पडलं की स्लाइड काळवंडते, जास्त झालं की फिकी पडते. लॅबच्या प्रक्रियेत इथे अर्ध्या अंशाचीही सूट नाही. माझ्या किटमध्ये ताज्या रसायनाला साडेसहा मिनिटं, पुढच्या प्रत्येक जोडीला थोडी वाढ. रंगाच्या डेव्हलपरला सहा मिनिटं. ब्लिक्सला किटवर लिहिलेल्या वेळेपेक्षा मी दोन मिनिटं जास्तच देते, कारण चांदी आत राहिली तर रंग मळकट दिसतात आणि जास्त वेळाने इथे नुकसान होत नाही. ब्लिक्स ओतल्यावर टाकीत दाब तयार होतो आणि झाकण उडू शकतं. पहिलं मिनिटभर झाकण मधूनमधून सैल करावं. हातमोजे घाला. रंगाच्या डेव्हलपरने कातडीला खाज सुटू शकते. आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला वापरू नका.

चोवीसपैकी एकोणीस रोल मी कुणालाही प्रोजेक्टरवर आनंदाने दाखवेन. तीन काळपट आले, दोन गेले.

गेलेल्यांपैकी एक सप्टेंबरातला. हवा इतकी दमट होती की प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म अडकली, दोन वेटोळी एकमेकांना चिकटली आणि तेवढ्या भागात रसायन पोचलंच नाही. आता रीळ आदल्या रात्री दिव्याखाली वाळवून डब्यात बंद करते. दुसरा रोल माझ्या घाईने गेला. पहिल्या डेव्हलपरनंतर रंगाच्या डेव्हलपरऐवजी ब्लिक्सची बाटली उचलली. त्याने सगळी चांदी धुऊन नेली आणि टाकीतून कोरी करकरीत, पारदर्शक पट्टी निघाली. ठोसेघरचा धबधबा आणि माझ्या भाचीच्या बारशाच्या काही फ्रेम होत्या त्यात. त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांना लाल, पिवळ्या, निळ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि ओतण्याआधी रंग मोठ्याने म्हणायची सवय लावून घेतली.

काळपट तीन डिसेंबरातले. सकाळी बाहेर चौदा अंश होते. रसायन बरोबर ३८ वर होतं, पण टाकी, रीळ आणि फिल्म गार होती. ओतल्याबरोबर तापमान उतरलं. तेव्हापासून आधी टाकीत गरम पाणी भरून पाच मिनिटं ठेवते, मगच डेव्हलपर. मे महिन्यात उलटा प्रकार. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चाळिशीला टेकलेलं. हीटर पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. माठातलं पाणी घालून ३८ वर आणलं आणि पुढच्या खेपेपासून पहाटे पाचला काम सुरू केलं. शेवटच्या धुण्याला पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरते, डाग पडत नाहीत.

पहिल्यांदा करणाऱ्यांना एक सांगते: ओली स्लाइड पाहून घाबरू नका. ती दुधाळ, झाकोळलेली दिसते. वाळली की रंग उघडतात. मला हे माहीत नव्हतं, पहिल्या दिवशी सहाही रोल वाया गेले असं समजून मी तासभर नुसती बसून होते. मग वाळलेली पहिली पट्टी उजेडात धरली. वेल्विया या स्लाइड फिल्मवर तेरड्याचा गुलाबी असा पेटलेला होता की मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पट्टी खिडकीशी धरली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर तिथं उभं राहिल्यासारखं दिसतंय." मला घरी धुतलेल्या पहिल्या रोलची तीच पावती.

रंगांची तुलना करायची म्हणून १९९८ मधल्या लॅबच्या काही स्लाइड आणि माझ्या नव्या एकाच लाइट बॉक्सवर ठेवल्या. पांढऱ्या गेंदाच्या फुलांत जुन्या स्लाइड थोड्या स्वच्छ वाटतात. सहा बाथची सर तीन बाथला पूर्ण येत नाही, हे मान्य. सोनकीचा पिवळा, गवताचा हिरवा, मागचं धुकं यांत मला फरक सांगता आला नाही. निळ्या फुलांबद्दल मात्र रसायनाला दोष देऊ नका. काही निळी-जांभळी फुलं फिल्मवर डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा गुलाबीकडे झुकतात, कारण पाकळ्या गडद लाल टोकाचा जो प्रकाश परतवतात तो आपल्याला फारसा दिसत नाही, फिल्मला दिसतो. सीतेची आसवं मी दोन वेगळ्या फिल्मवर काढली, दोन्हींवर हे झालं.

खर्च: किट, कस्टम, कुरिअर मिळून एका रोलला साधारण सातशे रुपये पडले. रोलच दोन हजारांच्या पुढे असतो, त्यामुळे हे स्वस्तात होतं असं कुणी समजू नये. कोडॅकने २०१२ मध्ये स्लाइड फिल्म बंद केली होती आणि २०१८ मध्ये एक्टाक्रोम पुन्हा आणली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण या किमतीला प्रत्येक फ्रेम विचार करूनच काढावी लागते. वापरलेलं रसायन मी कॅनमध्ये साठवते. त्यात चांदी असते, ते झाडांना किंवा ओढ्यात जाऊ देणं मला जमणार नाही.

खरी अडचण या सगळ्यापेक्षा वेगळी आहे, आणि ती या दहा महिन्यांत दर खेपेला आली. एकदा किट पाण्यात कालवलं की माझ्या अनुभवात तीन-चार आठवडेच ते भरवशाचं राहतं. त्यात आठ रोल होतात. म्हणजे आठ रोल जमेपर्यंत किट फोडायचं नाही. पण काढलेला रोल जितका थांबतो तितकं त्यावरचं न उमटलेलं चित्र मंदावत जातं. डिसेंबरच्या खेपेसाठी पाच रोल होते, बाकीचे तीन मी घाईघाईने अजिंक्यताऱ्यावर जाऊन काढले, आणि त्या तिन्हींत जपून ठेवावं असं फारसं काही नाही. आठ रोलांच्या किटसाठी माझी ही ओढाताण होते, तर टाक्या भरून रसायन सांभाळणाऱ्या त्या काकांचं काय होत असेल ते मला आता कळतं. मे महिन्याच्या खेपेला कऱ्हाडच्या एका डॉक्टरांनी आपले तीन रोल दिले, माझे पाच होते, आणि किट दोन आठवड्यांत संपलं. तीच सर्वांत निर्धास्त खेप झाली.

सध्या फ्रीजमध्ये माझे तीन रोल आहेत आणि न फोडलेलं एक किट. सप्टेंबरात कास फुलेल तेव्हा आणखी दोन तरी होतील. सातारा, कऱ्हाड, वाई, कोल्हापूरकडच्या कुणाकडे काढलेले स्लाइड रोल असतील तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगा. तीन हवे आहेत. रसायनाचा खर्च वाटून घेऊ. रोल धुताना शेजारी उभं राहायला आलात तर जास्त बरं, बाटलीचा रंग वाचून दाखवायला एक माणूस लागतोच.