वाडा घ्यावा की बंद जिनिंग?

विदर्भातल्या बाजाराच्या गावात मोठी जागा शोधायला निघालात, की दलाल दोन ठिकाणी हमखास नेतो. पहिलं गावाच्या मधोमध: देशमुखांचा, पाटलांचा नाहीतर मालगुजारांचा वाडा. वारस नागपूर-पुण्याला, ढेलजेला (दारातल्या देवडीला) कुलूप. दुसरं गावाच्या कडेला, स्टेशनच्या किंवा जुन्या मार्केटच्या बाजूला: तारेच्या कुंपणातली बंद जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बाभळी वाढलेलं आवार, एक उंच चिमणी. शोधणारेही आता ओळखीचे झालेत. अभ्यासिका काढू पाहणारी पोरं, तूर-चण्यासाठी गोदाम हवं असलेली शेतकरी उत्पादक कंपनी, पापड-मसाल्याचा बचत गट, दवाखाना टाकणारा एखादा डॉक्टर. दोन्ही जागा दाखवताना वाक्य एकच असतं: "जुनं काम आहे, असं मजबूत आता होत नाही." खरं आहे, पण कशासाठी मजबूत, हे कोणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगतो. माणसं बसवायची असतील तर वाडा, माल ठेवायचा असेल तर जिनिंग. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. आणि कागद साफ नसेल तर दोन्ही नको.

या इमारती रिकाम्या का पडल्या

वाड्याचं मूळ दोन प्रकारचं. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम या पट्ट्यात इंग्रजांनी रयतवारी ठेवली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. तिथले वाडे आणि गढ्या वतनदार देशमुख-पाटलांच्या. वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक. तिथे वाडा हे घर होतं तसंच एक कार्यालयही होतं. वसुली तिथे, निवाडे तिथे, कुळांचं धान्य तिथेच यायचं. धान्य साठवायची भिंतीतली बळदं आणि अंगणातली पेवं, मुनीमजीची बैठक, मागचे बैलांचे कोठे हे सगळं त्या व्यवहाराच्या मापाचं आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून गावावरचा आणि तलावांवरचा हक्क सरकारकडे आला. घर मात्र कुटुंबाकडे राहिलं. मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि शेतीही आटली. वाडे खचू लागले ते वयाने कमी आणि धान्याची आवक थांबल्याने जास्त. दरवर्षी धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) माती टाकायला, कवेलू (कौलं) फेरायला जी माणसं आणि जो पैसा लागे, तो त्याच धान्यातून निघत होता.

जिनिंगची गोष्ट वेगळी. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीने तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, कारण तिथे कापसाचा मोठा बाजार होता. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची अरुंद मार्गाची गाडी आली, आपली शकुंतला. जिथे रूळ तिथे जिन, जिथे जिन तिथे गाठी दाबायची प्रेस, हे गणित पुढच्या कित्येक वर्षांचं. आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, रेच्यांवर (जिनच्या यंत्रांवर) सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधून वॅगनमध्ये चढायच्या.

१९७२ मध्ये एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा. तेव्हापासून खाजगी जिनिंगवाला बहुतेक ठिकाणी कापूस पणन महासंघासाठी रुई काढून देणारा कंत्राटी झाला. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापार पुन्हा मोकळा झाला, पण तोवर केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने आधुनिक जिनिंगला पैसा लावला होता आणि नव्या शेडा महामार्गाला उभ्या राहत होत्या. जुनी जिनिंग गावात अडकली. ट्रक वळत नाही, शेजारी वस्ती, आगीची भीती. म्हणजे कापूस तालुक्यातच राहिला, इमारत फक्त मागे पडली. खरेदीदाराला याचा अर्थ असा, की जिनिंगचा मालक बऱ्याचदा अजून धंद्यात असतो आणि त्याला जागेचा भाव नीट ठाऊक असतो. वाड्याच्या वारसाला तो नसतो. स्वस्त वाडा मिळतो, स्वस्त जिनिंग सहसा मिळत नाही.

मे महिन्यात जाऊन पाहा

हिवाळ्यात जागा पसंत करणाऱ्याला मी कधी भरवसा देत नाही. पारा ४५ च्या वर गेला की दोन्ही इमारतींचा खरा स्वभाव कळतो.

वाड्याच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, मातीच्या किंवा वीट-मातीच्या. वर सागाच्या मयाली (तुळया), त्यावर पाटणी (फळ्या), त्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. दुपारी दोनला माजघरात गेलात तर बाहेरची लाही विसरायला होतं. संध्याकाळी मात्र त्याच भिंती तापलेल्या राहतात, रात्री दहा-अकरापर्यंत वरच्या माडीत बसवत नाही. दिवसाची अभ्यासिका, दवाखाना, शिवणवर्ग यांना हे सोयीचं. रात्रभर अभ्यास करणाऱ्या पोरांना चौकात किंवा गच्चीवर जागा काढून द्यावी लागेल.

जिनिंगचं छप्पर पत्र्याचं, क्वचित कौलांचं, लोखंडी कैच्यांवर. उंची भरपूर, वर झरोके, त्यामुळे हवा खेळते. तरी दुपारी पत्र्याखाली चाळीस पोरं बसवायची कल्पना सोडून द्या. खाली छत टाकून कूलर लावले तर जमतं, असं सांगतात. जमतं, पण मग विजेचं बिल कुणी भरायचं, हे आधी ठरवा.

मालाला उष्णता तितकी बाधत नाही, गळती बाधते. तूर, चणा, गहू पत्र्याखाली नीट राहतो, फक्त भुंग्यासाठी धुरी आणि लाकडी फळ्यांचा थर लागतो. सोयाबीन बियाण्यासाठी ठेवणार असाल तर सावध राहा. सोयाबीनची उगवणशक्ती गरम जागेत झपाट्याने उतरते. बियाण्यापुरता वाड्याच्या तळातला एखादा कोरडा खण जिनिंगपेक्षा चांगला. वर सांगितलेल्या अपवादांपैकी हा पहिला.

उजेडाचं उलट आहे. जिनिंगमध्ये उजेड भरपूर, वाड्यात चौक सोडला तर अंधार. माजघरात दिवसा दिवे लागतात. ढेलज आणि ओसरी या दोनच जागा वाचायला नैसर्गिकरीत्या चांगल्या. भिंत फोडून खिडकी काढावी असं वाटेल, पण जाणत्याला न विचारता फोडू नका. काही वाड्यांत भार सागाच्या खांबांवर असतो आणि भिंत नुसती भरीची असते, काहींत भिंतच सगळं पेलते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

जमीन, भार आणि खालचे खड्डे

जुनं गावठाण बहुधा उंचवट्यावर, पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीवर वसलेलं. वाड्याचा पाया त्यामुळे तुलनेने शांत असतो. जिनिंग गावाबाहेर, पुष्कळदा थेट काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जिनिंगच्या भिंतींना जे तिरपे तडे दिसतात ते बरेचदा यातले. तड्यावर काच चिकटवून एक पावसाळा जाऊ द्या. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे.

प्रेसच्या खोलीत खाली खोल खड्डा असतो, गाठी दाबणाऱ्या यंत्राचा. जिनच्या ओळीखाली पट्ट्यांसाठी काढलेला चरही असतो. पुष्कळ ठिकाणी त्यावर नुसत्या फळ्या टाकलेल्या दिसतात. ट्रॅक्टर आत न्यायचा असेल तर आधी ते भरून घ्या. दुसरीकडे, आगीच्या भीतीने जिनिंगवाल्यांनी मोठी विहीर आणि पाण्याचं टाकं केलेलं असतं, इमारती एकमेकींपासून लांब ठेवलेल्या असतात. प्रक्रिया उद्योगाला याहून चांगली आयती सोय दुसरी नाही. छपराला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता धरा. फोडून काढू नका, धूळ वाईट.

वाड्यात भाराचा प्रश्न वरच्या मजल्याचा आहे. माडी माणसांच्या वावरासाठी बांधलेली, पुस्तकांच्या कपाटांसाठी नव्हे. ग्रंथालय खाली, बसण्याची जागा वर, हा साधा नियम. जिना एकच, तोही भिंतीतून गेलेला, अरुंद, उभा. पन्नास पोरं वर बसणार असतील तर उतरायला दुसरी वाट काढल्याशिवाय परवानगी मागायलाच जाऊ नका.

धाब्याचं एक सांगतो. दरवर्षी नवी माती टाकताना जुनी खरवडायची असते. ते न केल्याने काही वाड्यांवर हातभर जाडीचा थर साचला आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या जड छपरांनीच माणसं दाबली. विदर्भात तो धोका कमी, पण पावसात भिजलेलं तेवढं ओझं कुजक्या मयालीवर पुरेसं आहे. थर हलका करा आणि वर हवेची फट ठेवून पत्रे टाका. दिसायला फार सुंदर नाही, पण ऊन आणि पाणी दोन्ही अडतं आणि दरवर्षी माती टाकणारा माणूस शोधावा लागत नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आतली ओल आतच राहते, लोणा (क्षार) वर चढतो, दोन-चार वर्षांत गिलावा पोपड्यांनी सुटतो. अर्धा वाडा पाडून मधे स्लॅब घालणं त्याहून वाईट; उरलेला अर्धा त्या स्लॅबच्या पाण्याने जातो.

कागद

इथेच बहुतेक व्यवहार अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून पुरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत, त्या गावात मिळकत पत्रिका मिळते. ती झाली असेल तर अर्धी चिंता गेली. उरलेली अर्धी वारसांची. तीन पिढ्यांत वाटणी तोंडी झालेली असते: ओसरी मोठ्या काकांची, माडी मधल्यांची, विहीर सामाईक. वारस नोंदीत आत्या आणि बहिणींची नावं असतात, व्यवहारात त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्या सह्या घ्या. "त्या काही बोलणार नाहीत जी" हे ऐकून बयाणा देऊ नका.

जिनिंगचे मालक कमी, पण कटकटी वेगळ्या. जमीन अकृषक आहे का, हे पहिलं. दुसरं, ती नझूल, म्हणजे सरकारी मालकीची आहे का. विदर्भातल्या शहरी आणि निमशहरी भागात नझूल जमिनी पुष्कळ आणि जिनिंगचे जुने भाडेपट्टे त्यांवर असू शकतात. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि वापर बदलायची परवानगी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिनिंग सहकारी असेल आणि संस्था अवसायनात (गुंडाळली जात) असेल तर बोलणी अवसायकाशी, संचालकाशी नव्हे. बँकेचा बोजा, कामगारांची देणी, विजेची थकबाकी ही तिन्ही तपासा. थकलेलं बिल नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकतं.

लोणारसारख्या गावात, जिथे केंद्राची संरक्षित स्मारकं वस्तीला लागून आहेत, आणखी एक रेघ आहे. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. दुरुस्तीलाही मंजुरी लागते.

स्वच्छ कागद काय करू शकतो याचं उदाहरण वर्ध्यात आहे. जमनालाल बजाजांनी १९३४ मध्ये आपली बाग आणि बंगला ग्रामोद्योग संघाला दिला, तीच मगनवाडी. १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी विनोबा पवनारला धाम नदीकाठच्या बजाजांच्याच लाल बंगल्यात राहायला गेले. पुढे १९५९ मध्ये तिथे ब्रह्मविद्या मंदिर उभं राहिलं. मालक एक होता आणि देणं स्पष्ट होतं, म्हणून त्या वास्तूंचा वापर बदलत जाऊ शकला.

मग कुणी काय घ्यावं

अभ्यासिका, दवाखाना, वाचनालय: वाडा. गावाच्या मध्यात असल्याने मुली संध्याकाळी पायी येऊ शकतात, हा मुद्दा मला भिंतींपेक्षा मोठा वाटतो. जिनिंगच्या रस्त्याला आठनंतर दिवा नसतो. वाड्याला शौचालयं नव्याने, बाहेरच्या कोठ्याच्या जागी बांधा, जुन्या भिंतीत नळ घालू नका.

उत्पादक कंपनीचं गोदाम, प्रतवारी, डाळमिल: जिनिंग, अट एवढीच की ट्रक वळला पाहिजे. पूर्ण आवार न घेता एक शेड आणि विहिरीचा हक्क घेता आला तर उत्तम.

बचत गट मधे पडतो. पापड वाळवायला वाड्याचं अंगण बरं, मसाला कांडायला जिनिंगची मोकळी हवा बरी. पंधरा-वीस बायकांचा गट असेल तर मी वाडाच सुचवेन, मागचा कोठा यंत्राला देऊन. हा दुसरा अपवाद.

मुक्कामाची सोय काढायची असेल तर ताडोबा-पेंचच्या वाटेवरचा वाडाच चालेल. इतरत्र पाहुणे येतील कुठून, याचा हिशेब मांडून पाहा.

शकुंतलेची बंद स्टेशनं देखणी आहेत, पण ती मिळवायच्या खटपटीत पडू नका. रूळ, जमीन आणि मालकी यांचा गुंता तुमच्या हातातला नाही.

आणखी एक प्रलोभन येईल. सागवानवाला येऊन वाड्याच्या खांबांची किंमत सांगेल आणि ती जागेच्या निम्मी भरेल. जुन्या सागाची वाहतूक करायची तर वनखात्यात आधी विचारा, आणि खांब काढल्यावर उरलेलं काय उभं राहणार आहे तेही त्यालाच विचारा.

विकत घ्यायची ऐपत नसेल तर भाड्याने घ्या, पण अकरा महिन्यांच्या करारावर धाबं दुरुस्त करू नका. दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा मागा. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता होईल हे कलम त्यात घाला, आणि कोणती भिंत, कोणतं छत, कोण दुरुस्त करणार याची खोलीवार यादी फोटोंसकट कराराला जोडा. वाड्याच्या बाबतीत त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, अमेरिकेत असलेल्याची कुलमुखत्यारपत्रावरून का होईना.