ओएलटी कुठला घ्यावा? छोटा ईपॉन, १यू जीपॉन की जुनं चेसिस, चालू करणाऱ्याच्या नजरेतून

तालुक्याच्या गावात केबलचा धंदा आहे आणि आता फायबरवर इंटरनेट द्यायचंय अशा माणसाच्या हातात साधारण तीन कोटेशन असतात, सगळी ओएलटीची, म्हणजे आपल्या खोलीत बसून फायबरवरून घराघरातल्या छोट्या डब्यांना (ओएनयू) नेट देणाऱ्या मोठ्या डब्याची; ईपॉन आणि जीपॉन या त्याच्या दोन पद्धती. एक चार पोर्टच्या ईपॉन ओएलटीचं, एक आठ पोर्टच्या १यू (रॅकमध्ये एक युनिट उंचीच्या) जीपॉनचं, आणि तिसरं कुणीतरी "मोठ्या कंपनीतनं निघालेला माल आहे, स्वस्तात देतो" म्हणून पाठवलेलं, दोन युनिट उंचीचं वापरलेलं चेसिस (कार्डं खोचायची पेटी), बहुतेक वेळा हुआवेचं एमए५६०८टी नाहीतर झेडटीईचं सी३२०. मग फोन येतो, "भाऊ, कुठला घेऊ?" आणि सगळी चर्चा पोर्टमागे किती रुपये पडतात यावरच. मी हे डबे रॅकमध्ये चढवून चालू करून द्यायचं काम करतो, त्यामुळे माझा हिशोब जरा वेगळा आहे. डबा पहिल्यांदा चालू करताना जे जे लागतं ते तुमच्या खोलीत आणि तुमच्या माणसांकडे आहे का हे आधी बघा, कारण तो पहिला दिवस एकदाच येत नाही, लाइट गेली, वीज पडली, कार्ड जळलं की रात्री दोन वाजता तोच दिवस परत उगवतो आणि तेव्हा मी शंभर किलोमीटरवर झोपलेला असतो.

आधी वीज, मग बाकीचं

छोट्या ईपॉनचं सोपं आहे. २३० व्होल्ट, मागे कॉम्प्युटरला असते तीच पॉवर कॉर्ड, चार पोर्टवाला ३०-४० वॅटच्या आसपास खातो म्हणजे जुन्या ट्यूबलाइटएवढा. पण पॉवर सप्लाय बऱ्याचदा एकच आणि तोही आतमध्ये बसवलेला, गेला की डबा खोलावा लागतो. १यू जीपॉनला शक्यतो दोन पॉवर सप्लायवाला घ्या, बाहेरून ओढून बदलता येणारे, आणि ऑर्डर देतानाच सांगा की दोन्ही एसी हवेत की एक एसी एक डीसी. हे आधी बोललं नाही तर दुकानदार त्याच्याकडे पडलेलं देतो, असं मी दोनदा बघितलंय.

चेसिसचं मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. हे टेलिफोन एक्स्चेंजच्या जगातलं सामान, त्यामुळे त्याला उणे ४८ व्होल्ट डीसी लागतं. एसीचं पॉवर कार्ड हुआवे-झेडटीई दोन्हीला मिळतं पण वापरलेल्या मालात बहुतेक वेळा डीसीवालंच येतं. आता उणे ४८ म्हणजे काय, तर पॉझिटिव्ह टोक अर्थला बांधलेलं आणि निगेटिव्ह टोक लाइव्ह. जमिनीखालच्या तांब्याच्या केबल गंजू नयेत म्हणून टेलिफोनच्या जुन्या काळात ही उलटी पद्धत पडली आणि अजून चालू आहे. आपल्याकडे वायरमनला सवय असते गाडीच्या बॅटरीची, तिथे निगेटिव्ह बॉडीला. एका ठिकाणी मी पोचायच्या आधीच उत्साहात "काळी वायर म्हणजे मायनस" असं धरून जोडणी झाली होती, आणि चेसिसच्या केबलसेटमध्ये निळी उणे ४८ आणि काळी रिटर्न (म्हणजे पॉझिटिव्ह) होती. एमसीबी चालू केल्या केल्या पडला म्हणून थोडक्यात वाचलं. तेव्हा रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावा, रिटर्न धरून निगेटिव्हवर वजा त्रेपन्न-चोपन्न दिसलं की बॅटरी फ्लोटवर (भरून चार्जरवर) आहे आणि वायर बरोबर आहे.

हे उणे ४८ आणायचं कुठून? रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) घ्यायचा, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, डीसीच्या एमसीबी (एसीची लावून चालत नाही, डीसीचा आर्क तुटत नाही लवकर), जाड केबल, लग. म्हणजे चेसिस स्वस्तात मिळालं आणि बाकीच्यात खिसा रिकामा, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. पण एकदा लावलं की सुख आहे हे पण सांगतो. बॅटरी कायम लाइनवरच असते, लाइट गेली आली ओएलटीला कळतच नाही. १०० एएचच्या चार बॅटऱ्या म्हणजे ४८०० वॅट-अवर, त्यातले ८० टक्के वापरले आणि लोड १५० वॅट धरला तरी २५ तास. बीएसएनएलच्या एक्स्चेंजमध्ये बाहेर अंधार असताना आतले दिवे लुकलुकत असतात ते याच्याच जिवावर.

याउलट घरचा इन्व्हर्टर. १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी, कागदावर १८०० वॅट-अवर, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही हे धरलं तर हाताशी हजार-अकराशे. एकटा ईपॉन असेल तर रात्र आरामात निघते, पण त्याच्यासोबत मायक्रोटिक राउटर, स्विच, केबल टीव्हीसाठी ईडीएफए (फायबरमधला प्रकाश वाढवणारा डबा) असं सगळं मिळून दीडशे वॅट झाले की सात तासांत खेळ खलास. आणि खरी डोकेदुखी बॅकअपची नाही, चेंजओव्हरची आहे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर पंखे-दिवे उचलायला जो क्षणभर वेळ घेतो तेवढ्यात काही ओएलटी रीबूट होतात. डबा दोन मिनिटांत उठतो पण मग दोनशे ओएनयू एकदम रजिस्टर व्हायला धावतात आणि दोनशे पीपीपीओई (गिऱ्हाइकांच्या नेट जोडण्या) एकदम लॉगिन मागतात, पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर हाशहुश करतो, आणि फोन वाजायला लागतात. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो तो आधी टाका, नाहीतर मध्ये छोटा ऑनलाइन यूपीएस लावा.

अर्थिंगबद्दल एवढंच, आधी लगीन अर्थिंगचं मग ओएलटीचं. तिन्ही डब्यांना मागे स्क्रू दिलेला असतो, हिरव्या-पिवळ्या वायरने तो रॅकच्या अर्थ बारला आणि बार खड्ड्याला. एसीवर चालवणार असाल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि डबा खोक्यातच राहू द्या. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा सुरू झाल्या की कोण अर्थिंग न करता बसलंय ते कळतंच.

पहिलं लॉगिन

ईपॉन डबा इथे लाडका ठरतो. मॅनेजमेंट पोर्टला लॅपटॉप लावा, लॅपटॉपला त्याच सबनेटमधला आयपी हाताने द्या, डब्यावर छापलेला डिफॉल्ट आयपी ब्राउझरमध्ये टाका, पान उघडतं. ओएनयू मॅक अॅड्रेसवर (त्याच्या कायमच्या हार्डवेअर नंबरवर) ओळखला जातो, आणि बऱ्याच डब्यांत ऑटो-रजिस्टर चालूच असतं म्हणजे फायबर खोचली की ओएनयू हिरवा. व्हीलॅन (एकाच तारेतली वेगळी वाट) दिलं, अपलिंकवर (बाहेरच्या नेटकडे जाणाऱ्या पोर्टवर) टॅग केलं, संपलं. दुपारी जेवायच्या आत पहिलं गिऱ्हाईक चालू झालेलं मी पाहिलंय. तोटा याच सोपेपणात आहे, कुणीही कुठलाही ओएनयू आणून लावला तरी तो पण हिरवा होतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच ऑटो बंद करून मॅकची यादी करायची सवय लावा.

१यू जीपॉनला पण वेब पान असतं पण आत शिरल्यावर शब्द वेगळे. डीबीए प्रोफाइल, टीकाँट, जेम पोर्ट, लाइन प्रोफाइल, सर्व्हिस प्रोफाइल, पहिल्यांदा बघणारा घाबरतो. माझी समजवायची पद्धत अशी: टीकाँट म्हणजे घराकडून ओएलटीकडे येणारी बैलगाडी, जेम पोर्ट म्हणजे तिच्यातली पोती, आणि डीबीए ठरवतो कुठल्या गाडीला कधी सोडायचं. हे प्रोफाइल एकदा बनवायला अर्धा दिवस जातो, नंतर प्रत्येक गिऱ्हाईक एक ओळ. ओएनयूचा १२ अक्षरी सिरीयल नंबर, त्यातली पहिली चार अक्षरं कंपनीची, तो टाकायचा आणि प्रोफाइल चिकटवायचं. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे ओएनयू मिसळणार असाल तर घेण्याआधी एकेक नमुना लावून बघा, नेट चालतं पण वायफायचं नाव ओएलटीवरून बदलत नाही असले प्रकार निघतात.

चेसिसला ब्राउझर विसरा. फिकट निळी कन्सोल केबल, यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर, लॅपटॉपवर पुटी हा टर्मिनल प्रोग्राम, ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल बंद. स्क्रीनवर भुताची भाषा आली तर बॉड रेट चुकलाय, काहीच आलं नाही तर कन्व्हर्टरचा ड्रायव्हर नाहीतर केबल. (बॅगेत दोन कन्व्हर्टर ठेवा, एक हमखास दगा देतो.) कन्सोल आणि मॅनेजमेंट पोर्ट दिसायला सारखेच आरजे४५ आणि शेजारी शेजारी, घाईत उलटं खोचतातच. चालू केल्यावर कंट्रोल कार्ड उठायला काही मिनिटं घेतं, सर्व्हिस कार्ड (फायबरचे पोर्ट असलेलं) त्याच्याही नंतर, तेव्हा "बंद पडलाय वाटतं" म्हणून मध्येच स्विच पाडू नका.

आणि इथे लोक अडकतात ती जागा: कार्ड बसवलं म्हणजे चालू झालं असं नसतं. हुआवेमध्ये नवीन कार्ड यादीत 'ऑटो फाइंड' म्हणून दिसतं आणि तुम्ही 'बोर्ड कन्फर्म' म्हणेपर्यंत कामाला लागत नाही. झेडटीईमध्ये तर आधी रॅक आणि शेल्फच कॉन्फिगमध्ये घालायचं, मग कार्ड. ज्याला हे माहीत आहे त्याला दोन मिनिटांचं काम, ज्याला नाही तो कार्ड खराब निघालं म्हणून विकणाऱ्याशी भांडतो. पुढची प्रोफाइलची कथा जीपॉनचीच. फोनवरून सांगून करून घेऊ म्हणाल तर ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे, मी करून बघितलंय, समोरचा "एंटर मारला" म्हणतो आणि त्याने स्पेसबार मारलेला असतो.

वेळेचं एक छोटं पण त्रास देणारं. काही डब्यांत घड्याळ बीजिंगच्या वेळेवर येतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, काहींत १९७० साल. एनटीपी (नेटवरून वेळ घेणं) आणि टाइमझोन पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर तुटाफुटीचे लॉग वाचताना डोकं फिरतं. डिफॉल्ट पासवर्ड बदला, मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा ठेवा, आणि ओएलटीचं पान पब्लिक आयपीवर उघडं टाकू नका, "घरून बघता येतं" म्हणून बऱ्याच जणांनी टाकलेलं असतं.

फायबर लावताना

हे तिन्हींना सारखंच म्हणून पटकन. पॉन मॉड्यूलला निळा कनेक्टर म्हणजे यूपीसी लागतो, तुमच्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणाऱ्या डबीला) बहुतेक हिरवा एपीसी असेल, तेव्हा निळा-हिरवा पॅचकॉर्ड आणा, हिरवा निळ्यात कोंबू नका. पोर्टमधून १४९० नॅनोमीटरवर पॉवर मीटरने मोजून वहीत लिहून ठेवा. १:८ चे दोन टप्पे म्हणजे जवळपास २१ डीबी गेले, बी प्लस दर्जाच्या मॉड्यूलचं सगळं बजेट २८ डीबी, उरलेल्यात केबल, स्प्लायस आणि उंदीर. घरात उणे २५ डीबीएमपर्यंत मिळालं तर झोप लागते, त्याच्या खाली पावसाळ्यात त्रास.

मग कुणी काय घ्यावं

क्षमतेचा मुद्दा आहेच. ईपॉनच्या एका पोर्टवर १.२५ गिगाबिटची लाइन, हातात एक गिगाबिट, जाताना आणि येताना तेवढीच. जीपॉनला खाली अडीच आणि वर सव्वा. ६४ घरांना १०० एमबीपीएसचे प्लॅन विकले तर ईपॉन एरवी कुरकुर करत नाही, आयपीएलच्या संध्याकाळी करतो.

दीडशे-दोनशे गिऱ्हाईक, वस्ती विखुरलेली, खोलीत इन्व्हर्टर, माणसं केबल टीव्हीवाली: ईपॉन घ्या, लाज वाटायचं कारण नाही. फक्त ओएनयू एक्सपॉनवाले घ्या, जे ईपॉन आणि जीपॉन दोन्हीवर आपोआप चालतात, म्हणजे उद्या ओएलटी बदलला तरी घराघरातला डबा तोच राहतो. ही एक गोष्ट ऐकली तरी पुष्कळ.

पाचशेच्या पुढे जायचा खरोखर बेत असेल आणि एक पोरगा कमांडला न घाबरणारा असेल तर १यू जीपॉन, दोन पॉवर सप्लायसह. मला आज स्वतःसाठी घ्यायचा झाला तर हाच.

चेसिस फक्त त्याने घ्यावं ज्याच्याकडे उणे ४८ आधीच आहे, किंवा तीन-चार हजार घरं डोळ्यांसमोर दिसतायत आणि सुटं पॉवर कार्ड, सुटं कंट्रोल कार्ड कपाटात ठेवायची तयारी आहे. आणि पैसे द्यायच्या आधी ज्या आयएसपीच्या लायसन्सखाली काम करताय त्यांना मॉडेल नंबर लिहून पाठवा. १५ जून २०२१ पासून लायसन्सवाल्यांनी नेटवर्कमध्ये नवीन जोडायचं सामान ट्रस्टेड सोर्सकडचंच (सरकारने मान्य केलेल्या कंपनीचं) असावं असा नियम आहे, आणि सेकंडहँड चेसिस कितीही चकचकीत असलं तरी त्यांनी नाही म्हटलं तर ते रॅकमध्ये शोभेला राहील.

विकणारा कुठलाही असो, थोडे पैसे हातात ठेवा आणि त्याला समोर उभा करून एक गोष्ट करून घ्या: दोन ओएनयू चालू झाले की कॉन्फिग सेव्ह करायला लावा आणि सरळ पॉवर काढा. वेब पानावर 'अप्लाय' दाबलं म्हणजे सेव्ह झालं असं सगळ्यांना वाटतं, ते तेवढ्यापुरतं मेमरीत असतं, सेव्हचं बटण कुठेतरी कोपऱ्यात वेगळं. एका गावात तीन आठवडे छान चाललेला ओएलटी महावितरणच्या एका गुरुवारी कोरा होऊन उठला होता, दोनशे घरं बंद आणि कुणाकडेच बॅकअप फाइल नाही, शेवटी ओएनयूचे नंबर घरोघरी जाऊन वाचून आणले. तेव्हा पॉवर काढा, पाच मिनिटं चहा घ्या, परत लावा, आणि दोन्ही ओएनयू कुणी हात न लावता हिरवे झाले की मग उरलेले पैसे द्या.