रेडिएटर झकास, टोपण भिकार: घरी बसवल्यानंतरचे काही महिने

हा अनुभव गाडीच्या इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा आहे, पण निम्म्याहून जास्त मजकूर त्याच्या टोपणावरच जाणार. डोकं खाल्लं ते त्यानंच.

गाडी छोटी पेट्रोल, मॅन्युअल, बरीच जुनी. पहिल्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथं दाबून बसवलेली असते तिथं पाझरायला लागली. पितळी रेडिएटर असता तर डाग देऊन भागलं असतं, याला ती सोय नाही. सर्व्हिस सेंटरनं मजुरीसकट सांगितलेला आकडा ऐकून मी आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नसलेला) रेडिएटर ऑनलाइन मागवला आणि बेळगावात, टिळकवाडीत दारासमोरच बसवला. दोन होजपाइप, पंख्याची वायर, वरचे ब्रॅकेट, एवढंच काम. पाइपांचे क्लॅम्प नवे घातले. नळाचं पाणी, राकसकोप धरणाचं असो नाहीतर हिडकलचं, त्यात घालायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावलंय. बोअरचं तर नावच नको, आत पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्राव) निम्मं-निम्मं.

हवा काढायची पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल: पुढची चाकं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, टोपण उघडं, इंजिन थंड असतानाच चालू करून थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरची वाट देणारी झडप) उघडेपर्यंत थांबायचं. वरचा पाइप गरम झाला, बुडबुडे थांबले, हीटरची हवा कडक आली. गावात गाडी फिरवली, तापमानाचा काटा मधोमध. मी खूश.

मग गोव्याहून येताना चोर्ला घाटात, केरीच्या पुढं चढ लागला आणि काटा वर सरकायला लागला. हीटर लावला तर गार हवा! हीटर याच गरम कूलंटवर चालतो; काटा वर आणि हीटर गार, म्हणजे आत कूलंट कमी किंवा हवा अडकलेली. थांबून बघितलं तर रेडिएटरला नळीनं जोडलेली बाजूची कूलंटची बाटली मात्र काठोकाठ. इथंच माणूस फसतो. बाटली भरलेली दिसते म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. रेडिएटर आतून रिकामा होत असतो. पुरतं गार झाल्याशिवाय टोपणाला हात लावला नाही (तुम्हीही लावू नका), मग सोबतच्या कॅनमधलं ओतलं आणि कणकुंबी, जांबोटी करत हळूहळू घर गाठलं.

सर्व्हिस सेंटरनं बाटली भरलेली बघून पाच मिनिटांत निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, हेड उघडावं लागेल. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही बघितलं, काही नाही. वर "बाहेरचा रेडिएटर लावलाय की तुम्ही," हा टोमणा. तिथं आवाज चढला, माझाही. गाडी घेऊन थेट उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर ती निळ्या द्रावाची नळी लावून तपासलं. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्राव पिवळा पडतो. निळा तो निळाच राहिला. मामा म्हणाले, "गॅस्केट बरं हाय की सर. सकाळी गाडी चालू करायच्या आधी वरचा पाइप बघा."

सकाळी बॉनेट उघडलं. वरचा पाइप चपटा! आंबा चोखून टाकल्यावर उरतो तसा.

कारण असं. टोपणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरते. माझ्या टोपणावर ८८ लिहिलंय, म्हणजे ८८ किलोपास्कल, साधारण ०.९ बार. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, इथं उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. हा दाब धरला की साधं पाणीसुद्धा ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गरम होऊन फुगलेलं कूलंट या झडपेतून बाटलीत जातं. गार झाल्यावर आत ओढ तयार होते, तेव्हा मधली चिमुकली झडप उघडून ते परत आत यायला हवं. रेडिएटरबरोबर फुकट आलेल्या नव्या टोपणाची ती झडप चिकटलेली होती. नखानं ओढली तरी हलेना! कूलंट बाहेर जायचं, परत यायचं नाही, आणि ओढीमुळं कुठल्यातरी जोडातून हवा आत शिरायची. बाटलीकडे जाणारी बारीक नळी फुंकून बघितली, ती मोकळी होती.

मापाचं दुसरं टोपण दोनशेच्या आत मिळालं. घेताना दाबाच्या आकड्याबरोबर खोलीही जुळवा, लहान-मोठ्या मानेची टोपणं वेगळी असतात. हवा पुन्हा काढली. आता रात्री बाटलीतली पातळी वर, सकाळी खाली, म्हणजे श्वास चालू आहे. त्यानंतर उन्हाळ्यात एसी लावून तवंदी घाट, पावसात आंबोली, परत चोर्ला; काटा जागचा हलला नाही. हेड उघडण्याचे हजारो रुपये वाचले याचा आनंद मी अजून अधूनमधून मोजतो.

रेडिएटरबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. पत्रा हलका, टाकी पुन्हा प्लास्टिकचीच, वर्षभरात तडकणार असं घरात सांगून ठेवलं होतं. ते मत बदललंय. जोडावर पांढरा-हिरवा डाग कुठंही नाही, जाळी सरळ आहे. खालचा ड्रेन प्लग तेवढा फुसका, हातानंच आवळा, पक्कड लावू नका. विक्रेत्याला टोपणाचा फोटो पाठवला तर त्यानं माफी मागून तसलंच दुसरं पाठवलं. त्याचीही मधली झडप चिकटलेलीच.

किमतीच्या मानानं रेडिएटरला पाचपैकी चार, टोपणाला शून्य. ऑटोमॅटिकवाल्यांनी मात्र हे मॉडेल घेऊ नये, गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या नळ्यांच्या जोडण्या यात नाहीत.